बंद मॅनिकिनची नाडी

मी आज जो काही आहे, तो सोनगीरच्या कमलअक्कांमुळे. आमच्या घरात दहावीपुढे कुणी शिकलं नव्हतं. गावच्या उपकेंद्रात नर्स असलेल्या अक्कांनी मला नर्सिंगला घातलं. स्वतःच्या मनगटावर माझी बोटं ठेवून नाडी मोजायला शिकवलं. त्यांचा दर चौथा ठोका गळायचा. म्हणायच्या, "मोज्याबिगर लिखू नको, भाऊ."

पुढे सांगतोय असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरी लिहितोय... कुणाला उत्तर सापडलं तर हवंय.

मी जळगावच्या एका नर्सिंग कॉलेजात सिम्युलेशन लॅब घेतो. तिथे रबरी पेशंट आहे – मॅनिकिन. मुली त्याला 'मामा' म्हणतात. त्याची नाडी कॉम्प्युटरवरून चालते. वॉर्डात न मोजताच '७२' लिहायची खोड मोडावी, म्हणून परीक्षेत मी मामांना मुद्दाम बंद ठेवतो. 'नाडी लागत नाही' लिहिणारी पास, आकडा लिहिणारी नापास.

त्या दिवशी भर दुपारी जामनेरच्या वैशालीने लिहिलं – ४८.

"थापा मारतेस? प्लग बघ, खाली लोंबतोय!"

"सर, पूर्ण मिनिट मोजलं. नापास करा... पण खोटारडी म्हणू नका."

"मामा तुझ्यावर खूश दिसतात गं!" मागून एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या. वैशालीचे डोळे भरले.

तिला गप्प करायला मीच बोटं ठेवली. थंड रबर... आणि आत ठोका. एक, दोन, तीन – मग काहीच नाही. पुन्हा तसंच. कधी कधी आपल्याच बोटांतली नाडी जाणवते, म्हणून दुसऱ्या हाताने स्वतःचा गळा तपासला. माझी एकसारखी, भरभर धावत होती. चेष्टा करणाऱ्या मुलीलाही ती गळकी नाडी लागली. पाचेक मिनिटांत थांबली. मामांत बॅटरी नाही, हे नंतर टेक्निशियनने उघडून दाखवलं.

नाडी थांबताच मी अक्कांना फोन केला होता. "माले काय व्हयनं? तूच जेवना का?" म्हणाल्या. स्वतःला काही झालंय हे त्यांना मान्यच नव्हतं, उलट माझ्याच जेवणाची चौकशी.

त्या नाडीचं कारण आजही कळलेलं नाही. त्या संध्याकाळी पाठवलेलं पत्र तेवढं देतो –

ती. अक्कांना सा. नमस्कार.
तुमच्या हाताचा ठोका आज मला भलत्याच ठिकाणी लागला. पोरीने मोजून लिहिलं होतं. मीच न मोजता तिला खोटं ठरवलं. वर्गासमोर माफी मागितली, पास केलं. रविवारी येतोय. हसा हवं तर, पण हात पुढे करा. पूर्ण मिनिट मोजेन, मग धुळ्याला ईसीजी काढू. तुम्ही बऱ्या आहात, हे मोजल्याबिगर लिहिणार नाही.
तुमचा दिलीप