बाळंतिणीचे कान

धाकट्या जावेला गोळीबाराचा धसका बसलाय, असं आमच्या घरात ठरून गेलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस, लालबाग-परळ पेटलेलं, आणि तिचं बाळंतपण ऐन संचारबंदीत करी रोडच्या आमच्या खोलीतच उरकलेलं. त्यामुळे कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. दीर तर हे थोड्या अभिमानानंच सांगायचा. पुरुषांना तेव्हा आमटी खारट झाली तरी त्यात सरकारचा हात दिसायचा.

मी गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होते. सूत कुठं कच्चं आहे ते तिथं बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून. तरी घरातलं मला तीन आठवडे कळलं नाही, याचा राग मला आजही येतो.

ती मुलाला पाजायची, पण भिंतीकडे बघत. दूध कमी पडलं की पोर माझ्याकडे यायचं. माझी मुलगी सात महिन्यांची होती, अंगावर पीत होती. अंग रगडायला सुईण आली की ही कोपऱ्यात पाठ लावून उभी राहायची. जिथं बाळंत झाली त्या जागेवर अंथरूण घातलं तर झोपायची नाही. मागून कुणी खांद्याला हात लावला की अंगाचं लाकूड व्हायचं. आणि कानाचं फडकं तर पाच मिनिटंही ठेवायची नाही. आमच्यात बाळंतिणीचे कान सव्वा महिना बांधून ठेवतात, वारं लागू नये म्हणून. सासूबाई बांधायच्या, ही ओरबाडून काढायची. शेजारणी आधी म्हणाल्या, हट्टी आहे. मग म्हणू लागल्या, डोक्यावर परिणाम झालाय.

एका सकाळी सासूबाईंनी निकालच लावला. "तिका म्हायराक धाडूया. पोराक तू पाज." शनिवारच्या बोटीनं आई कोकणात, मूल इथं. बरी झाली की आणू, म्हणाल्या. कधी, ते सांगितलं नाही. आणि तिला तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

त्या दिवशी कान बांधायचं काम माझ्याकडे आलं. मी मागून फडकं पुढे घेतलं, त्याचं टोक तिच्या हनुवटीला लागलं आणि तिचा श्वासच थांबला. डोळे उघडे, ओठ घट्ट मिटलेले. मी फडकं टाकून दिलं.

मला आठवलं होतं. पोर अडलं होतं, सुईण तिच्या पायांशी, सासूबाईंनी दोन्ही हात दाबून धरलेले. गॅलरीत चाळीतले पुरुष, खाली पोलीस. बाईचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात फडकं कोंबलं होतं, आणि ते मागून धरून बसली होती ती मीच. घराची अब्रू राखतेय अशा थाटात.

आता मी तिच्या समोर येऊन बसले. म्हटलं, "तुझं तोंड मी दाबलं होतं. चुकलं माझं."

"वहिनी, मला वाटलं तुम्ही सगळ्या मिळून मला मारताय," ती म्हणाली.

सासूबाई शेगडीपाशी होत्या. मी त्यांना सांगितलं, ही कुठं जाणार नाही. त्यांनी मला माझी जागा दाखवून दिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तोवर मी त्यांना उलट बोलले नव्हते. ती सगळी कसर मी तेव्हा भरून काढली.

"ती बोटीत बसली तर मीय बसतलंय, दोनय पोरां घेवन," मी म्हटलं. "मगे खुशाल मोकळो पाळणो हलवा."

आवाज ऐकून शेजारणी जमल्या. आणि मग माझी जाऊ बोलायला लागली. कुणी काय धरलं, सुईण काय म्हणाली, श्वास कुठं अडकला, सगळं, खणखणीत आवाजात. बायका एकमेकींकडे बघेनात. त्यांतल्या दोघी डोळे पुसत होत्या. त्यांचीही बाळंतपणं याच चाळीत झालेली.

सासूबाई दार लावायला उठल्या. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि त्यांना म्हटलं, "त्या दिवशी हिला गप्प केलं, तेवढं पुरे झालं. आता ऐका."

त्या खाली बसल्या. शनिवारी बोट गेली, आणि माझी जाऊ मुलाला मांडीवर घेऊन, कान उघडे टाकून गॅलरीत बसली होती.