बाबांची फेरतपासणी

माझे वडील मधमाश्या पाळतात आणि माणसांवर संशय घेतात. दोन्ही कामं सारख्याच निष्ठेने. दुकानातून आणलेली साखर ते घरी पुन्हा तोलतात, एका डॉक्टरने दिलेल्या गोळ्या दुसऱ्याला दाखवतात. गल्लीत त्यांना 'फेरतपासणी' म्हणतात. हे नाव कुणी पाडलं, याचा त्यांचा तपास अजून चालू आहे.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि लग्न केलं ते गाड्या दुरुस्त करणाऱ्याशी. बाबांच्या संशयितांच्या यादीत मेकॅनिक फार वरच्या नंबरवर आहेत. सहा वर्षं झाली, जावयाचं एक काम त्यांनी एका फटक्यात खरं मानलेलं नाही.

फुलोरा असेल त्या बागेत पेट्या न्यायच्या, मध निघाला की डांबरी रस्त्याने शहर गाठायचं, हे सगळं बाबांच्या जुन्या पिकअपवर चालतं. गेल्या हंगामात एका बागेतल्या चिखलात मागचं एक चाक नुसतं गरगरत राहिलं आणि दुसरं ढिम्म. बागेचा मालक दुपारी कीटकनाशक फवारणार होता. त्याने ते फवारलंच. अठरा पेट्या मेल्या. बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"एक चाक घसरलं तर दुसऱ्यालाही जोर मिळायला हवा," माझा नवरा म्हणाला. "दोन चाकांत जोर वाटणारं ते डिफरन्शियलच बदलू या."

मग महिनाभर नुसती चौकशी. बटणावर दोन्ही चाकं बांधणारं लॉकर बाबांना नको, कारण बटण म्हणजे बिघडायला आणखी एक जागा. आपोआप बांधणारं घ्यावं, तर वळणावर ते कटकट वाजतं आणि ओल्या डांबरावर गाडीची शेपूट हलवतं, असं नवऱ्यानेच सांगितलं. राहिलं प्लेटवालं. ते हळूच, न हिसकता दुसऱ्या चाकाला जोर देतं. पेट्यांना हिसके नकोत, म्हणून नवऱ्याच्या मते हेच बरं.

"आणि आत काय घातलंय ते दिसणार कुणाला?" बाबा म्हणाले.

नवऱ्याने ते ऐकलं. आम्ही दोघंच असताना मला म्हणाला, "मी करून देतो. पण मागाहून माझं काम तपासलं ना, तर या घरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. तू एकटी येत जा."

हे मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

अंगणात दोन दिवस काम चाललं. बाबा खुर्ची टाकून समोर. शेवटी नवऱ्याने मागची दोन्ही चाकं उचलून एक हाताने फिरवलं, तर दुसरंही त्याच दिशेने फिरलं. "पूर्वी उलटं फिरायचं," तो म्हणाला. मग गाडी खाली घेतली आणि बजावलं, "एक गोष्ट. एकच चाक उचलून गिअर टाकायचा नाही. कधीच नाही." आणि तो आंघोळीला गेला.

बाबा माझ्याजवळ सरकले. "नेमकं तेच करायचं नाही. का गं?"

"काहीतरी मोडेल म्हणून असेल."

"की उघडं पडेल म्हणून? हाताने फिरवून काय, काहीही दाखवता येतं. पूर्वी एक चाक उचललं की तेवढंच फिरायचं, गाडी जागची हलायची नाही. आताही तसंच झालं, तर समजायचं, जुनंच आहे आत."

इथे मला खोटं बोलता येणार नाही. मलाही ते पटलं. त्याच्या गॅरेजात जुन्या सामानाचे ढीग पडलेले असतात, ते डोळ्यांसमोर आले. मला माझीच लाज वाटत होती आणि तरी मागच्या एका चाकापाशी बसून मी जॅकचा दांडा फिरवत होते. पुढच्या चाकांना आम्ही एकेक वीट लावली. बाबांनी इंजिन चालू करून पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

पिकअप जॅकवरून उडी मारून सुटला. विटांचा चुरा झाला. गाडी थेट छपराखालच्या पेट्यांत घुसली आणि तिथे बंद पडली. चार पेट्या आडव्या झाल्या, माश्यांनी अंगण भरून गेलं.

नवरा तसाच, तोंडाला साबण आणि कमरेला टॉवेल, धावत आला. त्याने आधी बाबांना बाहेर ओढलं, मग उघड्या हातांनी पोळ्यांच्या चौकटी उभ्या करायला लागला. बाबांची एक पापणी सुजून बंद झाली होती. तरी त्यांचा चेहरा फुलला होता.

"बसवलंय!" ते मला म्हणाले. "अगं, खरंच नवीन बसवलंय त्याने! जावईबापू, मानलं तुम्हाला."

सहा वर्षांत पहिल्यांदा. नवऱ्याला हसू आलं. मनगटात रुतलेला माशीचा काटा काढत तो म्हणाला, "तुम्ही तपासणार हे मी धरूनच चाललो होतो, बाबा. रागावून काय करू?" माझा जीव भांड्यात पडला. मग त्याची नजर आडव्या पडलेल्या जॅकवर गेली.

"हा कुणी लावला?"

"मी," बाबा चटकन म्हणाले.

"तुमचा गुडघा वाकत नाही, बाबा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात ग्रीसने काळे झाले होते. तो आत गेला, कपडे घातले आणि बॅग भरली. फक्त स्वतःची.