खारी वाळू आणि राणीछाप रुपया

बहरीनमध्ये मी आयुष्यात एकदाच खजिना शोधला, आणि तो माझ्या बायकोच्याच मालकीचा होता.

पंच्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मुहर्रकच्या गॅरेजात मी वेल्डर होतो. (फोरमन म्हणायचे मला. म्हणजे मीच म्हणायचो!) अदलिया भागातला एक गोरा साहेब मायदेशी परत निघाला आणि जाताना मला जमिनीतला धातू शोधायचं मशीन देऊन गेला. त्याच्या कोरड्या बागेत मी किल्ली पुरून पाहिली. मशीनने झटक्यात हुडकली! झालं, आता जुनी नाणी काढूनच दाखवायची.

शुक्रवारी बायको शालन आणि मेहुणा सुरेश यांना घेऊन समुद्रावर गेलो. ओहोटी होती. सुरेश शिकलेला, त्यामुळे गप्प बसवत नाही.

"दाजी, इथली वाळू ओली आणि खारी. मशीनला सगळीकडे धातूच वाटणार. वर कोरड्यात चला."

"मला माती शिकवतोस? चौथी नापास असलो तरी नांगर धरलाय मी!"

"समुद्रात?"

हे मला लागलं. मशीन ओल्यातही चालतं हे दाखवायला खिशातून गुपचूप राणीछाप रुपया काढला. शालनच्या आईचा, लक्ष्मीपूजनाचा चांदीचा रुपया! (मशीनला जुनं नाणं ओळखीचं व्हावं म्हणून घरून न विचारता आणला होता.) ओल्या वाळूत पुरला, खुणेला वर चप्पल ठेवली, मशीन लावलं.

टूंऽऽ! डावीकडे टूं, उजवीकडे टूं, नुसतं उचलून ठेवलं तरी टूं!

"अहो, काय पुरलंय तिथं?" शालनने घरून आणलेल्या स्टोव्हवर भजी तळता तळता विचारलं.

"तुझ्या आईचा रुपया."

"पुढच्या आठवड्यात दिवाळी आहे!" तिचा आवाज मशीनच्या वर गेला.

तेवढ्यात भरती आली. मी चपलेखाली उकरतोय, उकरतोय, काहीच नाही!

"दाजी, चप्पल पोहतेय!" सुरेश ओरडला. "तुम्ही तिच्या मागे मागे खणताय. रुपया खलास!"

शेवटी शालन झारा घेऊन पाण्यात उतरली. "मशीन बंद करा. तुम्हीपण बंद व्हा. मघाशी त्या काळ्या दगडापाशी वाकला होतात." झाऱ्याने वाळू चाळली, आणि राणीसाहेब वर आल्या!

दिवाळीत रुपया ताटात बसला. मी नमस्काराला वाकलो.

"लांबून!" शालन म्हणाली.

सुरेशने विचारलं, "ताई, मशीन विकायचं का?"

"राहू दे. घरात हे एकटेच विनाकारण ओरडतात, त्यांना सोबत होईल."

एवढा अपमान! मी काय गप्प बसणार? ओरडलो की, अगदी ओल्या वाळूतल्या मशीनसारखा!