टाकीच्या झाकणावर

“वंदना, खाली उतर गं. लोक बघतायत,” सुलभा खालून ओरडली.

“बघू दे,” मी म्हटलं.

मी तेव्हा दोन पुरुष उंचीच्या एका स्टीलच्या टाकीवर बसले होते. टाकी बिअरची. वय माझं एकसष्ट. अशा टाकीच्या माथ्यावर मोठ्या परातीएवढं एक गोल तोंड असतं, त्यातून माणूस आत उतरू शकतो. त्याला मॅनहोल म्हणतात. त्याचं झाकण मी बंद केलं होतं आणि त्यावर ठाण मांडलं होतं.

सुलभा, रेखा आणि मी, अशा तिघी मैत्रिणी त्या दिवशी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, बघायला गेलो होतो. सुलभा मुलुंडची, बँकेतून रिटायर झालेली. रेखा घाटकोपरला माझ्या शेजारी राहते, शाळेत शिकवायची. सुलभाच्या जावयाने, निखिलने, अंधेरीतली आयटीची नोकरी सोडून शहापूरच्या पुढे एका गावात ही छोटी ब्रुअरी काढली. पहिली दोन वर्षं सुलभा “जावई फर्मेंटेशनच्या फील्डमध्ये आहेत” एवढंच सांगायची. मग निखिलचा फोटो पेपरात आला आणि आम्हाला आग्रहाचं आमंत्रण आलं.

बिअर झकास होती, हे आधीच सांगून टाकते. रेखाने दोन ग्लास संपवले. मी अर्धाच घेतला.

मग निखिल आम्हाला आणि ठाण्याहून आलेल्या सात-आठ पाहुण्यांना आतला प्लँट दाखवायला घेऊन गेला. बार्लीचं गोड पाणी उकळून, थंड करून टाकीत भरतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, त्यातून दारू होते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. निखिल छान समजावून सांगत होता. तेवढ्यात मला कोपऱ्यात एक माणूस दिसला. पन्नाशीचा, हाफ पँट घातलेला, हातात ब्रश. रिकाम्या टाकीला लावलेल्या शिडीवर तो चढत होता.

“हे कुठे निघाले?” मी विचारलं.

“मारुती? टाकी घासायला. वॉशिंगचा पंप बंद पडलाय. एरवी आत फवारा असतो, माणूस लागत नाही. आज नवीन बॅच भरायचीय, म्हणून हाताने घासतोय.”

“टाकीतली बिअर कधी काढली?”

“सकाळी.”

“काढताना वरून टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडला होता?”

“सोडावाच लागतो, मावशी. हवा लागली तर बिअर खराब होते.”

मी मानखुर्दच्या पुढे एका केमिकल कंपनीत एकोणतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. ज्या बंद टाकीत माणूस उतरवायचा असतो, तिला आमच्याकडे कन्फाइन्ड स्पेस म्हणतात. आत आधी ब्लोअरने हवा मारायची. मग मीटरने आतला ऑक्सिजन आणि गॅस मोजायचा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक बाहेरच्या माणसाकडे. हे सगळं झाल्यावर परमिटवर सही. एकही गोष्ट कमी असेल तर कोणी उतरायचं नाही, मग प्रॉडक्शन मॅनेजर कितीही नाचू दे.

इथे मारुती होता, ब्रश होता आणि बादली होती. बाकी काही नव्हतं.

“त्याला थांबव,” मी म्हटलं.

निखिल हसला. “मावशी, तो सोड्यातला गॅस आहे. आपण पितो तो. आणि झाकण सकाळपासून उघडंच आहे.”

“हा गॅस हवेपेक्षा जड असतो, निखिल. तोंड उघडं ठेवून तो उडून जात नाही. बादलीत पाणी बसतं तसा टाकीत बसून राहतो. माणूस आत गेला की दोन-चार श्वासांत कोसळतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही.”

“पंप बंद पडला की दोन वर्षं असंच चाललंय, मावशी. काही झालं नाही.”

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझे वडील पालिकेच्या गटारखात्यात होते. त्यांच्या जोडीदाराला मॅनहोलमध्ये उतरवलं, तेव्हा वर उभा असलेला मुकादमही म्हणाला होता, “काही होत नाही रे.” मुकादमाला खरंच काही झालं नाही.

मी चप्पल काढली आणि शिडीपाशी गेले. “मारुतीभाऊ, जरा खाली येता का?” तो बिचारा गोंधळून खाली उतरला. मी वर चढले, झाकण लावलं आणि त्यावर बसले.

खाली एकच गोंधळ उडाला. ठाण्याच्या पाहुण्यांनी मोबाइल बाहेर काढले. “मावशींना चढली वाटतं,” निखिल कोणालातरी म्हणाला, मला ऐकू जाईल असं. मला राग आला आणि त्या रागाने मी आणखीच घट्ट बसले.

“वंदना, जावई आहे गं तो माझा! चारचौघांत असं करतात का?” सुलभा रडकुंडीला आली होती.

“मावशी, प्लीज,” निखिलचा आवाज चढला. “तिकडे माल तयार आहे. तासाभरात टाकीत गेला नाही तर सगळा वाया जाईल. ही माझी जागा आहे. तुमची कंपनी नाही.”

“बरोबर. तुझी जागा, तुझी टाकी. मग तू उतर.”

“काय?”

“तुला खात्री आहे ना? मी झाकण उघडते. घे ब्रश आणि उतर.”

मी त्याला उतरू दिलं नसतंच. पण तो खरंच पुढे झाला. बाह्या सरसावल्या, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“नाही हं, निखिलराव!” सुलभा किंचाळली आणि तिने त्याचा शर्ट मागून धरला. “तुम्ही नाही उतरायचं! काही झालं म्हणजे?”

सुलभाचा हात शर्टावर तसाच राहिला. मारुती तिच्याकडे बघत होता. मग त्याने निखिलकडे पाहिलं आणि हातातला ब्रश खाली ठेवला.

“ताई,” तो मला म्हणाला, “आमच्या गावात जुन्या विहिरीत उतरायच्या आधी कंदील सोडतात. इझला तर कोण उतरत नाय. इथं तसं करायचं का?”

केमिकल कंपनीत टाकीजवळ कोणी काडी ओढली असती तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं. इथे पेट घेणारा गॅस नव्हता. तरी आत स्पिरिट वगैरे मारलेलं नाही ना, हे मी दोनदा विचारून घेतलं. “दिवा जळत राहिला तरी उतरायचं नाही हं,” मी मारुतीला बजावलं. “विझला, तर मात्र आणखी पुरावा नको.”

रेखाने पाहुण्यांच्या टेबलावरची मेणबत्ती काचेच्या ग्लासासकट आणून दिली. मारुतीने ग्लासाला सुतळी बांधली आणि तो शिडी चढून वर आला. मी झाकण उघडून बाजूला सरकले. त्याने ग्लास सावकाश आत सोडला. हातभर खाली गेला असेल नसेल, मेणबत्ती विझली. त्याने ग्लास वर ओढला, पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथेच विझली.

“साहेब,” मारुती निखिलला म्हणाला, “मी नाय उतरणार.”

निखिलने सगळा माल ओतून दिला. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. जेवणं कशीबशी उरकली. परतीच्या वाटेवर भिवंडी मागे पडल्यावर सुलभा गाडीत म्हणाली, “माझ्या जावयाचा अपमान केलास तू.”

“केला. तू त्याच्यासाठी जे ओरडलीस ना, तेच मी मारुतीसाठी म्हणत होते. तुला तेव्हा पटलं नव्हतं.”

मुलुंडला उतरताना तिने गाडीचं दार जोरात आपटलं.

चार दिवसांनी निखिलचा फोन आला. सॉरी वगैरे काही नाही. “मावशी, गॅस मीटर कुठला घेऊ? पंप दुरुस्त झालाय, पण मारुती ऐकत नाही. म्हणतो, मोजल्याशिवाय टाकीच्या तोंडाशी जाणार नाही. बाकीच्या तीन कामगारांनाही जाऊ देत नाही.”

मी त्याला मीटर सांगितला, ब्लोअर सांगितला. आणि बजावलं, की मीटर मारुतीच्या ताब्यात राहील, तुझ्या केबिनच्या कपाटात नाही.

नोकरीत मी भिंतींवर सेफ्टीच्या शेकडो पाट्या लावल्या. पाटी वाचून थांबलेला माणूस मला आठवत नाही. ज्याला उतरायचं असतं तो स्वतः “नाही” म्हणाला, की मगच काम थांबतं.