पट्ट्याचा सात

आमच्या चाचांनी आयुष्यात एकही भांडं सुलट पाहिलं नाही. हे मी अतिशयोक्ती करून सांगतो आहे, असं वाटेल. पण सहा वर्षं मी त्यांच्यासोबत एका खोलीत काढली आणि त्या सहा वर्षांत, मधला एक काळ सोडला तर, समोर आलेली वस्तू, मग ती बशी असो, सुरई असो की दवाखान्यातली औषध कुटायची खलबत्त्याची जोडी असो, चाचांनी आधी उलटी करून तिचं बूड पाहिलं नाही, असं मला आठवत नाही. ते माझ्या नात्यातले नव्हते. साठच्या दशकात दुबईला, खाडीच्या देरा बाजूला, चिनी मातीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात आम्ही दोघे नोकरीला होतो. बिलाप्रमाणे माल पडताळायचं काम माझं, पेट्या फोडून पेंढ्यातून भांडी काढायचं काम त्यांचं. खोलीत आम्ही सहाजण, सगळे रत्नागिरी-कुलाब्याकडचे. चाचा वयाने सर्वांत मोठे, म्हणून सगळ्यांचेच चाचा.

एकदा ईदला शेठने आम्हाला घरी बोलावलं. तिकडे पाहुण्याला कानाशिवायच्या लहान पेल्यात कॉफी देतात, आणि पेला हलवून 'बस' अशी खूण करेपर्यंत वाढणारा तो भरत राहतो. चाचांना हा रिवाज माहीत होता, पण बूड पाहायच्या नादात हात हलवायचं राहून गेलं. ते पेला रिकामा करून उलटा करायला जात, तेवढ्यात वाढणारा तो भरून टाकी. भरलेला पेला उलटा करता येत नाही, म्हणून चाचा पुन्हा पीत. मी मोजलं, अकरा पेले झाले. बाराव्याला त्यांनी वाढणाऱ्याचं मनगटच धरलं, पेला उलटा केला आणि भरल्या मजलिशीत म्हणाले, "जपान. साच्यातला." शेठ इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चाचांना मात्र दोन रात्री झोप लागली नाही.

पण त्यांचं ज्ञान हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. इटलीच्या पेट्या आल्या की मी बिल पाठीमागे धरायचो आणि चाचा एकेक नग हातात घेऊन सांगायचे. "ही बाजूची शिवण बघ, साच्यात ओतलंय." "ही नक्षी रंगवलेली नाही रे बाबू, कोरलेली आहे. तांबड्या मातीवर पांढरी माती चढवायची आणि ती सुकायच्या आत खिळ्याने खरवडायची, म्हणजे खालची तांबडी दिसते." "बुडाला हे तीन ठिपके दिसतात? भट्टीत तिकटीवर ठेवलं होतं, म्हणजे झिलई खालूनही दिली आहे." कोणता माल कोणत्या कारखान्याचा, हेही ते बुडावरच्या रंगावरून आणि कुंचल्याच्या फटक्यावरून सांगत. शंभर नगांत ते चारदा चुकले, आणि त्या चारांपैकी दोनदा बिलच चुकलेलं निघालं.

हे सगळं ते शिकले होते एका इटालियन कुंभाराकडे. लढाई संपल्यानंतर चाचा बोटीवर खलाशी होते. इटलीच्या एका बंदरात माल उतरवताना पाय मोडला आणि बोट त्यांना तिथेच ठेवून गेली. इस्पितळाशेजारच्या कुंभाराने त्यांना घरी नेलं आणि आठ महिने सांभाळलं. माती मळायला, भांड्याचं बूड खरवडून साफ करायला शिकवलं. मग एके सकाळी एजंट आला, म्हणाला बोट तयार आहे, यल्ला, चल लवकर. कुंभार माती आणायला डोंगरात गेला होता. चाचा निरोप न घेताच निघाले. लिहिता येत नव्हतं, गावाचं नाव नीट सांगता येत नव्हतं, आणि कुंभाराला ते नुसतं 'मास्तर' म्हणत. आता त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की मास्तर जिवंत आहे की नाही. त्यासाठी त्यांच्याजवळ एक खूण होती. मास्तर भांड्याच्या बुडावर कुंचल्याने नंबर घालायचा, आणि त्याच्या इंग्रजी सातच्या पोटावर एक आडवी रेघ असायची. चाचा त्याला 'पट्ट्याचा सात' म्हणत. इटलीच्या पेटीत तसा सात सापडला की ते नग दोन्ही हातांनी वर धरत आणि म्हणत, "आहे. म्हातारा अजून आहे." त्या दिवशी खोलीत सगळ्यांना हलवा मिळायचा.

इथे माझ्या हातून चूक झाली. मी आकड्यांचा माणूस. दिसलेली गोष्ट न सांगणं मला खोटं बोलण्यासारखं वाटे. दोन वर्षं इटलीहून आलेले कागद हाताळल्यावर माझ्या ध्यानात आलं की तिकडे सगळेच सातला पट्टा घालतात. मी तीन वेगवेगळ्या कारकुनांच्या हातच्या याद्या घेऊन चाचांसमोर ठेवल्या.

त्यांनी तिन्ही कागद बराच वेळ पाहिले. "सगळेच?"

"सगळेच, चाचा."

"तुला कोणी विचारलं होतं?"

त्यानंतर त्यांनी भांडी उलटी करणं सोडलं. पेट्या फोडायचे, नग रांगेने मांडायचे, खलास. आमचा आचारी एकदा जेवताना म्हणाला, "चाचा, आज ताट उलटं करून बघा की. डाळ इतकी पातळ झाली आहे, सांडली तरी नुकसान नाही." कोणी हसलं नाही. चाचा जेवले, ताट धुतलं आणि बाहेर जाऊन बसले.

तीन आठवडे मी हे पाहिलं. मग एका शुक्रवारी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "सातशिवाय दुसरी काही खूण नव्हती का?"

"नाही." मग म्हणाले, "डावरा होता तो. चाक उलटं फिरवायचा. बाकीचे कुंभार चिडवायचे त्याला."

"मग बोटांचे वळही उलटेच उठत असतील."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काही कामाचं बोललो.

चाकावर भांडं वर ओढताना कुंभाराच्या बोटांचे वळ आतल्या बाजूने जिन्यासारखे चढत जातात. चाचा आता प्रत्येक नगात हात घालून पाहू लागले. बहुतेक माल साच्यातला निघे, आत गुळगुळीत. चाकावरचा असला तर वळ नेहमीच्याच बाजूने चढलेले. नऊ महिने असे गेले. थंडीच्या सुरुवातीला एक पेटी आली, तिच्यात रुंद तोंडाची एक बुटकी बरणी होती. चाचांनी हात घातला आणि तो तिथेच थांबला.

"बाबू, बोट घाल."

मी बोट घातलं. वळ उलट्या बाजूने चढत होते. चाचांनी बरणी उलटी केली. खाली इटलीचं नाव होतं, नंबर होता, पण नंबरात सात नव्हता.

"आहे ना रे म्हातारा?"

माझ्याजवळ तीन गोष्टी तयार होत्या. डावरे कुंभार पुष्कळ असतील. ही बरणी कुठल्या तरी वखारीत दहा वर्षं पडून राहिलेली असेल. किंवा मास्तरच्या हाताखाली शिकलेल्या दुसऱ्याच कोणी ती केली असेल. तिन्ही बरोबर होत्या, आणि चाचा माझ्याकडे पाहत होते.

"आहे, चाचा," मी म्हणालो.

त्यांनी हात पुन्हा बरणीत घातला. आतल्या वळांवर आपली बोटं एकेक करून टेकवली आणि ते तसेच उभे राहिले. कोणी निघताना आपण त्याचा हात हातात धरून ठेवतो, तसे. मी यादी घेऊन बाजूला थांबलो. त्या दिवशी हलवा आणायची आठवण कोणालाच झाली नाही. पुढे चाचा गावी गेले आणि तिथेच वारले. त्या तीन गोष्टी मी त्यांना कधीही सांगितल्या नाहीत.