ग्रहावर राहिलेला धोंडीराम

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत तळमजल्यावर पुंजाआबा राहतात. वायरिंगची कामं करण्यात आयुष्य गेलं, आता लेकीकडे असतात. गावी गेले की अजूनही कोणीतरी विचारतंच, "काय आबा, यान आलं का?" आबा हसण्यावारी नेतात, पण ते त्यांना लागतं.

प्रकरण जुनं आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर अंतराळयानाची एक मालिका लागायची. यानावर सरदारजी पायलट, बंगाली शास्त्रज्ञ, मद्रासी डॉक्टरीणबाई असा सगळा देश कोंबलेला, शाळेच्या गॅदरिंगमधल्या एकात्मतेच्या नाचासारखा. खेड्यातला माणूस तेवढा राहिला होता. परग्रहाचं शूटिंग देवळाली कॅम्पच्या पलीकडच्या उजाड टेकडीवर चालायचं. तिथं दिवे लावायला आलेले तरणे पुंजाआबा दिग्दर्शकाच्या नजरेत भरले आणि चंदेरी कपडे चढवून यानावरचे मदतनीस धोंडीराम झाले. काम एवढंच, "दार उघडू का, साहेब?" म्हणायचं आणि बटण दाबायचं.

अशा गोष्टींत संकट आलं की कप्तानाच्या केसालाही धक्का लागत नाही, बळी जातो तो दारापाशी उभा असलेल्याचा. धोंडीरामाचा नंबर लागला. पण दिवस पितृपक्षाचे. आबांची आई कुसाबाई एसटीनं टेकडीवर येऊन थडकली आणि कॅमेऱ्यासमोरच फतकल मारून बसली. "पितरं चालू हायेत. माझं पोर खोटं खोटं पण मरायचं नाय!"

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. शेवटी कप्तान म्हणाला, "धोंडीराम, इथंच थांब, तुला न्यायला येतो," आणि यान उडालं. मालिका पुढे काही दिवस चालली आणि बंद पडली. न्यायला कोणी आलं नाही. हे सगळं नाटक आहे हे कुसाबाईला कळत होतं, तरी डोळे मिटेपर्यंत ती विचारायची, "आले का रे तुला न्यायला?"

गेल्या महिन्यात आबांकडे आभा नावाची मुलगी आली, तेव्हा मीही तिथंच होते. जुन्या विज्ञान मालिकांतल्या दुय्यम पात्रांचा अभ्यास करते म्हणे. नाशिक रोडला कार्यक्रम ठेवला होता, त्यात आबांचा सत्कार. "आजोबा, खेड्यातल्या, गरीब पात्रांना नेहमी आधी मारतात. तुम्हाला जिवंत ठेवलं. केवढा धाडसी विचार!"

आबा माझं तोंड बघत बसले. ती गेल्यावर म्हणाले, "ताई, विचार कसला? आईचा हट्ट व्हता. मालिकेत त्यो सरदारजी पायलट मेला तवा सगळे लय रडले. माझ्यासाठी कोण रडलं? मेलो असतो तर बरं झालं असतं का?"

मी चहा टाकायला उठले.

कार्यक्रमाला कप्तानाचं काम केलेले नट वेणीमाधवराव येणार होते. त्यांना एकच गोष्ट विचारायची म्हणून आबा तयार झाले, आणि मीही बरोबर गेले. आभानं प्रतिनिधित्वावर लांबलचक भाषण केलं. ते आपल्याविषयी आहे की दुसऱ्याच कोणाविषयी, हे आबांनी मला दोनदा विचारलं. मलाही नक्की सांगता येईना.

मग आबा उभे राहिले. "साहेब, तुम्ही मला न्यायला येणार व्हता का?"

ऐंशीचे वेणीमाधवराव चष्मा सावरत पुढे वाकले. "कोण आपण?"

"धोंडीराम," आभा हळूच म्हणाली. "ग्रहावर राहिलेला."

"अच्छा! खरं सांगू? ते पुढं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबा मात्र चिडले नाहीत, उलट आणखीच गोंधळले. "मग पुढं यानाचं दार कोण उघडायचं?"

"दार? ते आपोआप उघडायचं की."

"आपोआप नाय, साहेब. मीच वढायचो. सेटच्या मागून, दोरीनं. धोंडीराम ग्रहावर राहिला तरी मला कामाला रोजावर ठेवला व्हता ना."

लोक हसले.

"मग मी ग्रहावर व्हतो का यानात?" आबांनी खरंच विचारलं. "आईला काय सांगायला पायजे व्हतं मी?"

वेणीमाधवरावांनी मान खाली घातली. आभानं घाईघाईनं शाल आणली, नारळ दिला, टाळ्या झाल्या आणि कार्यक्रम संपला. मला त्या शालीचाही राग आला.

बाहेर पडताना हॉलच्या काचेच्या दाराशी वेणीमाधवराव काठी टेकत पोचले. सवयीनं आबा पुढे झाले, दाराला हात घालायला. वेणीमाधवरावांनी त्यांचा हात धरला, काठी काखेत मारली आणि खांद्यानं रेटून दार स्वतः उघडलं.

"चल, धोंडीराम," ते म्हणाले. "तू आधी."

आबा जागचे हलेनात. नारळ छातीशी धरून त्यांनी एकदा त्या उघड्या दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"जाऊ का, ताई?"

"जा, आबा," मी म्हटलं. "न्यायला आलेत."