गुडघाभर आवळा आणि बारा बायका

निवृत्त झाल्यावर मी झाडं ओळखायला लागलो. म्हणजे ओळखतो असं लोकांना सांगायला लागलो. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळं समोर कुणीतरी मान डोलवणारं लागतं. नगरमधल्या साऱ्या बागा मी आणि बायको मिळून हिंडलो, उन्हाळ्यात सूर्य कलल्यावर, पावसाळ्यात एका छत्रीत, थंडीत कानटोपी घालून. ती अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, शेतकऱ्याची लेक. मी छडीनं दाखवत सांगायचो, "हा शिरीष, हा करंज." ती "हं" म्हणायची. तिच्या "हं"चा अर्थ मी लग्नापासून चौतीस वर्षं "बरोबर" असाच लावत आलो.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग ती घराजवळ नव्यानं उघडलेल्या बागेच्या फाटकाजवळच्या पहिल्या बाकापर्यंतच यायची आणि मी आत फेरी मारून तिला बातम्या पुरवायचो. आषाढात एकदा ती बाकावर बसून म्हणाली, "यंदा कार्तिकात आवळीभोजन करीन म्हणते. गुडघा धरून पडले होते तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी महिनाभर डबे आणले. त्यांना एकदा आवळ्याखाली पानावर बसवायचंय. माहेरी बांधावर आवळा होता, तो रस्त्यात गेला. या बागेत आहे का हो?"

"आहे की," मी म्हणालो. आवळा मी फक्त बरणीत पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी शोध घेतला. बागेच्या टोकाला एक डेरेदार, बारीक पानांचं झाड दिसलं. बारीक पानं म्हणजे आवळा, असा सिद्धांत मांडून मी मोकळा झालो. त्यानंतर ती दर आठवड्याला विचारायची, "आवळा कसा आहे?" श्रावणात मी कौतुकानं सांगितलं, "फुलावर आलाय. पांढरे गोंडे लागलेत."

"आवळ्याला गोंडे?"

"जात वेगळी आहे."

ती "हं" म्हणाली. दिवाळीनंतर तिनं बारा बायकांना सांगून टाकलं. जेवणाला चार दिवस राहिले तेव्हा जागा झाडायला म्हणून खराटा घेऊन ती हळूहळू चालत पहिल्यांदाच टोकापर्यंत आली. झाडाला शेंगांचे घोस लटकले होते. तिनं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"ही सुबाभूळ आहे," ती म्हणाली. "आमच्या शेळ्या हिच्या पाल्यावर वाढल्या."

मी म्हणालो की शेंगा वाऱ्यानं दुसऱ्या झाडावरून आल्या असतील. हे वाक्य मी खरंच बोललो. ती खराटा टाकून खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बारा घरी सांगून आले मी. काय तोंड दाखवू त्यांना?" मला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

बागेचा माळी पाथर्डीकडचा. तो नळी ओढत जवळ आला. "सर, आवळा हाय ना. टाकीमागं म्याच लावलाय. पन गुडघ्याएवढा हाय."

कार्तिकातल्या त्या दुपारी पाण्याच्या टाकीमागं बारा बायका एका काडीभोवती गोल बसल्या. पूजा झाली. दोरा गुंडाळला तेव्हा त्या रोपाला प्लास्टर घातल्यासारखं दिसायला लागलं. "ताई, सैल बांधा, मोडंल," माळी सारखा म्हणत होता. खरी अडचण पुढंच होती. आवळ्याखाली जेवायचं म्हणजे पानावर सावली हवी, आणि सावली होती तळहाताएवढी. यावर बायकांनी जो तोडगा काढला तो मला अडतीस वर्षांच्या गणितात सुचला नसता. एकेकीनं आपलं पान सावलीत सरकवायचं, आवळ्याच्या चटणीसकट पहिला घास घ्यायचा आणि पान मागं ओढायचं. हसून हसून एकीला ठसका लागला. मसालेभात दोनदा वाढावा लागला. माझी बायको गुडघ्यावर हात ठेवत सगळ्यांना आग्रह करत फिरत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. मला फार बरं वाटलं, आणि तितकीच लाजही वाटली.

बायका गेल्यावर मी पान घेऊन रोपाजवळ बसायला गेलो.

"इथं नाही," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या आवळ्याखाली बसा."

बसलो. सुबाभळीची सावली ऐसपैस होती, एवढं मला कबूल करायलाच हवं. थोड्या वेळानं ती आपलं पान घेऊन आली आणि पाय लांब करून शेजारी टेकली. समोर एक उंच झाड होतं, त्याला पांढरी फुलं लागली होती. तिनं बोट दाखवलं. "ते कुठलं हो?"

माझ्या जिभेवर एक नाव आलं होतं. ते मी पुरीबरोबर गिळलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग आपल्या पानातली एक पुरी उचलून माझ्या पानात ठेवली आणि सांगायला लागली.